इंदू करणे

परवा माझा नातू मोबाइलवर क्रिकेट बघत होता. पायचीत दिलेला फलंदाज रीप्लेमध्ये साफ नाबाद निघाला, तसा हा सोफ्यावर उशी आपटून ओरडला, "इंदू केला रे अंपायरने!" मी विचारलं, "म्हणजे काय रे?" त्याने डोळे मोबाइलवरच ठेवून सांगितलं, "अगं आज्जी, एखादा छातीठोकपणे सांगतो आणि नेमकं चुकतं ना, तो इंदू." मी म्हटलं, हा शब्द आला कुठून? तर म्हणाला, "आला कुठून म्हणजे? सगळेच म्हणतात." मी आत जाऊन कुकर लावला. मध्ये आमच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणीतरी हेच विचारलं होतं आणि एका निवृत्त गृहस्थांनी हा शब्द पोर्तुगीजांकडून आला असल्याचं ठामपणे लिहिलं होतं. त्यावर बत्तीस जणांनी अंगठे दिले. शब्द पोर्तुगीज नाही. तो आमच्या पडवीत, फणसाच्या चिकाने बरबटलेल्या हातांच्या घोळक्यात, माझ्या तोंडून पहिल्यांदा बाहेर पडला. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, माझ्या नवऱ्यालाही नाही.

आमचं घर रत्नागिरी शहर संपून कातळ सुरू होतो तिथे होतं. पुढे लांबलचक पडवी, मागे विहीर, आणि चढण चढून गेलं की वरच्या कातळाला लागून आमची आंब्याची बाग. मार्चपासून मेअखेरपर्यंत त्या पडवीत माणसांना बसायला जागा नसायची. एका बाजूला भाताचा पेंढा, दुसऱ्या बाजूला आंब्यांची रास, मधे खोक्यांच्या फळ्या. सकाळपासून खिळे ठोकल्याचा आवाज आणि पेंढ्याच्या धुरळ्याने शिंका. आई मोठ्या टोपात पेज शिजवायची, सोबत कधी कुळथाचं पिठलं, कधी बांगड्याचं तिखलं, आणि पेट्या भरायला आलेल्या बायका आम्हा घरच्यांबरोबरच पंगतीला बसायच्या. त्या जेवणाची चव मला नंतर कुठेच सापडली नाही. तेव्हाची माणसं मात्र परत भेटावीत असं मला वाटत नाही, आणि त्यांच्यात मी स्वतःही आले.

घरात राज्य होतं ते भाऊकाकांच्या जिभेचं. भाऊकाका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. बागेचं काम वडील बघायचे, बोलण्याचं काम काका. त्यांनी कुणाला कधी सरळ नावाने हाक मारलेली मला आठवत नाही. लंगडत येणारा पोस्टमन 'सव्वा', तोतरा वाणी 'टाइपरायटर', आणि माझी आई फारसं बोलत नाही म्हणून ती 'सायलेन्सर'. आई या नावाला हसायची. हसावंच लागायचं, कारण जो हसणार नाही त्याचा नंबर पुढचा, हे आमच्या घरात सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. पोस्टमनला तो शब्द कळला तेव्हा त्याने पत्रं फाटकाबाहेरच ठेवायला सुरुवात केली. काका म्हणाले, "सव्वाचा आता पाऊणच झाला." आम्ही पुन्हा हसलो.

मे महिन्यात परळहून माझी मावसभावंडं यायची. ती येताना बिस्किटं आणायची आणि शब्द आणायची. एका वर्षी 'कल्टी', पुढच्या वर्षी 'झोल', मग 'पोपट झाला'. आम्ही ते शब्द अधाशासारखे उचलायचो आणि शाळा सुरू झाली की मुंबईहून आल्यासारखे वापरायचो. माझा मावसभाऊ नितीन तर प्रत्येक शब्दाचा अर्थ असा समजावून सांगायचा, जसं काही आम्ही रानातून कालच आलोय. मला त्याचा भयंकर राग यायचा. मी पंधरा वर्षांची होते, वर्गात निबंधाला पहिली यायचे, आणि माझी एकच इच्छा होती की एखादा शब्द इथून उलटा मुंबईला जावा, आणि तो माझा असावा.

इंदूआत्या ही वडिलांची आणि काकांची धाकटी बहीण. तिला देवरूखला दिली होती. तीन वर्षांत नवऱ्याने दुसरी आणली आणि ही एक पत्र्याची ट्रंक घेऊन एस.टी.तून उतरून घरी आली. त्या काळी परत आलेल्या बहिणीचं घरातलं स्थान काय असायचं ते लिहायला नको. पण आत्याला आमच्या घरात पाट होता, आणि तो तिने स्वतःच्या नाकावर मिळवला होता. आंब्यातला साका बाहेरून कळत नाही. फळ वरून सोन्यासारखं, कापलं की आत पांढरा, कापसासारखा, आंबूस गर. भले भले बागायतदार त्याच्यापुढे हात टेकतात. आत्याला तो कळायचा. ती पडवीच्या टोकाला पाटावर बसायची, आंबा देठाकडून नाकाशी धरायची, क्षणभर डोळे मिटायची आणि म्हणायची, "हा खरा." नाहीतर "हा नको." बस्स. सीझनभर ती कांदा खायची नाही, डोक्याला तेल लावायची नाही, हाताला साबण लावायची नाही. तिने बघितलेल्या पेटीच्या झाकणावर ती ओल्या गेरूत बुडवून अंगठा उठवायची आणि जुनी गिऱ्हाइकं पत्रात लिहायची, की अंगठ्याच्याच पेट्या पाठवा. त्या अंगठ्यापायी घरात तिला कोणी ताटावरून उठवत नव्हतं. काकांनी सगळ्यांना नावं ठेवली, पण तिला कधी ठेवलं नाही. सीझनमध्ये तिच्याशी वाकड्यात जाणं परवडण्यासारखं नव्हतं.

त्या वर्षी पुण्याच्या आमच्या जुन्या गिऱ्हाइकाकडे लग्न होतं. त्यांना आमरसासाठी साठ पेट्या हव्या होत्या. घरात त्यांना सगळे नुसतं 'पुणेकर' म्हणत. वडील खंडाने घेतलेल्या दुसऱ्या बागेत होते, म्हणून वरच्या कातळावरची काढणी काकांकडे होती. दुपारी मी त्यांचा चहा घेऊन वर गेले तर काका कलमाखाली टॉवेल तोंडावर घेऊन झोपले होते आणि उतरवलेला सगळा माल उघड्या कातळावर उन्हात पडलेला. कातळ इतका तापलेला, की माझ्या चपलेतून चटका येत होता. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं, की काढलेला आंबा तापल्या कातळावर ठेवायचा नाही, त्याने साका धरतो. टेम्पो यायला उशीर झाला होता आणि काकांना तो सावलीत हलवायचा कंटाळा आला होता. चहा पिता पिता ते म्हणाले, "इंदूला सांगू नको हां. उगाच टकळी चालू करील." मी मान हलवली. त्यांनी माझ्यावर काहीतरी सोपवलंय याचाच मला अभिमान वाटला.

खाली आल्यावर त्यांनी माल विहिरीच्या पाण्याने गार करून पडवीत आणला. आत्याने दहा-बारा आंबे हुंगले आणि थांबली. म्हणाली, "भाऊ, हा कातळावर नव्हता ना ठेवलेलास? वास बंद झाल्यासारखा वाटतोय." काका म्हणाले, "छे गो. सावलीतून उचलून आणलाय. तुझं नाकच चोंदलंय पेंढ्यान." मी तिथेच उभी होते. आत्याने माझ्याकडे बघितलं, कारण चहा घेऊन मीच वर गेले होते हे तिला माहीत होतं. मी पेंढा उचलायला वाकले. मग तिने भावाच्या शब्दावर साठ पेट्यांवर अंगठे उठवले.

पंधरा दिवसांनी एस.टी.ने एक पेटी परत आली. झाकणावर अंगठा तसाच. आत प्रत्येक आंबा मधोमध कापून नीट ओळीने लावला होता, वास पडवीभर पसरला. पुणेकरांनी चिठ्ठी वगैरे काही लिहिली नव्हती. वडिलांनी पेटी आत्याच्या पुढ्यात सरकवली. ती एकेक फोड उचलून बघत होती, हुंगत होती, जणू अजून एखादी खरी निघेल. काका म्हणाले, "इंदू, हे काय गो? तुझा अंगठा आहे ना ह्यावर?" ती नुसती म्हणाली, "आहे." त्यानंतर तिचा पाट उचलला गेला आणि ती पेट्यांत पेंढा भरणाऱ्या बायकांच्या ओळीत बसू लागली. मला तेव्हा वाईट वाटलं का? थोडं वाटलं असेल. पण खरं सांगायचं तर काका सुटले आणि ते मला सोडून कुणाला माहीत नाही, याची मजाच जास्त वाटली.

आठवड्याभराने परळची मंडळी आली. नितीनने मागच्या दारचा एक फणस टिचक्या मारून तपासला आणि जाहीर केलं, "पिकलाय. लिहून देतो." पडवीत गोणपाट पसरून सगळे जमलो. वडिलांनी कोयता घातला तर आत पांढराफटक, कच्चा. चीक सगळ्यांच्या हातांना, कपड्यांना. नितीनचा चेहरा पडला आणि मी काही ठरवायच्या आत बोलून गेले, "इंदू केलास रे, इंदू!" सगळे माझ्याकडे वळले. मग काका असे हसले, की त्यांना भिंतीला धरून बसावं लागलं. डोळे पुसत म्हणाले, "ह्याला म्हणतात शब्द! सुमे, माझी गादी तूच चालवणार." वडील हसले. आई पदर तोंडाला लावून हसली. नितीनही हसला आणि तो शब्द त्याने दोनदा स्वतःशी म्हणून बघितला, तेव्हाच मला कळलं की हा मुंबईला जाणार. आत्या मागे चुलीपाशी होती. चीक काढायला तिनेच खोबरेल तेलाची वाटी आणून दिली आणि विचारलं, "काय झालं एवढं हसायला?" कोणी सांगितलं नाही.

चांगला शब्द कोणाचं ऐकत नाही. शाळा सुरू झाल्यावर तो माझ्या वर्गात गेला, वर्गातून कॉलेजात, कॉलेजातून एस.टी. स्टँडवर. परीक्षेत खात्रीने लिहिलेलं उत्तर चुकलं की इंदू. पाहुणे अमक्या गाडीने येणार म्हणून सांगितलं आणि आले नाहीत, इंदू. दिवाळीत नितीनने पत्रात लिहिलं, की त्याच्या चाळीत सगळे म्हणतात. ते पत्र मी कितीतरी दिवस दप्तरात बाळगलं. वापरणाऱ्यांतल्या निम्म्यांना इंदू नावाची बाई आहे हे माहीतच नव्हतं. आमच्या पडवीतल्या बायकांना माहीत होतं, पण त्या आत्या जवळ आली की गप्प व्हायच्या आणि एकमेकींना कोपराने ढोसायच्या.

पुढचा सीझन वाईट चालला होता. अंगठा नसलेल्या पेट्यांतून साका निघायचाच, तक्रारी येत होत्या. शेवटी पुणेकरांनीच निरोप धाडला, मी स्वतः येतो, तुमच्या बहिणीला माझ्यासमोर आंबा बघू दे, पटलं तर पुन्हा पूर्वीसारख्या अंगठ्याच्याच पेट्या नेईन. त्या निरोपाने आत्या बदलली. चार दिवस आधीपासून तिने कांदा सोडला. शिकेकाईने न्हाली. माळ्यावरून पाट खाली काढून घासून ठेवला. वडील तिला म्हणाले होते, की हे जमलं तर तुझी जागा तुझी, नाहीतर केळशीला एक म्हातारं जोडपं स्वयंपाकाला बाई शोधतंय. हे त्यांनी रागाने नाही, सहज सांगितलं होतं.

पुणेकर यायच्या दिवशी सकाळी मी विहिरीवर दात घासत होते. आत्या घागर घेऊन आली आणि हळूच म्हणाली, "सुमे, तुला विचारू? इंदू करणं म्हंजे काय गो? शेवंती नि त्या सगळ्या बोलतात. मी गेले की गप होतात. माझ्याविषयी आहे ना काहीतरी?" शेवंती म्हणजे पेट्या भरणाऱ्या बायकांतली मोठी. मी चूळ भरली. मला खरं सांगता आलं असतं, किंवा माहीत नाही म्हणता आलं असतं. यातलं काहीच मला सुचलं नाही असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले, पण ते खोटं आहे. मला ते दोन्ही सुचलं, तिसरंही सुचलं, आणि मी त्यातलं सगळ्यात गमतीचं उचललं. म्हटलं, "अगं आत्या, तुझ्या नाकावरून आलाय तो शब्द. इंदू करणं म्हणजे एकदम अचूक ओळखणं. साक्षात तुझ्यासारखं." तिने घागर खाली ठेवली. तिचा चेहरा असा काही फुलला, की मला वाटलं आता सांगून टाकावं. पण मी म्हटलं बघूया काय होतं.

पुणेकर आले, पन्हं प्याले, खुर्चीवर बसले. आत्या पाटावर. वडील, काका, आई, पेट्या भरणाऱ्या बायका, सगळे भोवती. तिने एकेक आंबा उचलायला सुरुवात केली. "हा खरा. हा खरा. हा नको." चाळीसेक आंबे झाल्यावर पुणेकरांनी 'नको'मधले चार कापायला लावले. चारही आतून पांढरे. 'खरा'मधले सहा कापले, सहाही स्वच्छ केशरी.  पुणेकर उठून उभे राहिले आणि म्हणाले, "मानलं बुवा तुम्हाला. मग गेल्या वर्षी झालं तरी काय?" काका घाईघाईने म्हणाले, "होतं एखाद्या वेळी." आत्याला मात्र ते ऐकूही आलं नसावं. वर्षभरात पहिल्यांदा ती मान वर करून बसली होती. तिने गेरूत अंगठा बुडवला, पहिल्या झाकणावर उठवला आणि मोठ्याने, सगळ्या पडवीला ऐकू जाईल असं म्हणाली, "खुशाल न्या. हा सगळा माल मी स्वतः इंदू केलाय!"

आधी शेवंती फिसकन हसली. मग ओळच्या ओळ. काका गुडघ्यांवर हात मारून हसत होते. वडिलांनी तोंड फिरवलं, पण त्यांचे खांदे हलत होते. आत्याला वाटलं, लोक कौतुकाने हसताहेत, म्हणून तीही हसली, आणि तिने तेच वाक्य पुन्हा एकदा म्हटलं. पुणेकरांनी विचारलं, "काय हो, काय प्रकार?" आणि काकांनी त्यांना फणसापासून सगळी गोष्ट रंगवून सांगितली, तिच्यासमोर. ती काकांच्या तोंडाकडे बघत होती. हसू तिच्या चेहऱ्यावर तसंच राहिलं होतं, ते काढून घ्यायचं तिला सुचलं नाही. मग तिने एकदा माझ्याकडे बघितलं. मीही हसत होते. ती उठली, गेरूचा अंगठा विहिरीवर धुतला आणि आत गेली. पुणेकरांनी माल नेला. जाताना वडिलांना बाजूला घेऊन म्हणाले, "आंबा उत्तम आहे. पण झाकणावर ती खूण नको आता. बघितली की हसूच येईल."

दुपारी मी तिचं ताट घेऊन आत गेले. ती ट्रंकेत लुगडी भरत होती. म्हणाली, "सुमे, तू जेवलीस?" मी म्हटलं, हो. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने वडील तिला केळशीला पोचवून आले. काकांनी त्या प्रवासावरही काहीतरी बोलून घेतलं, ते मी इथे लिहिणार नाही.

केळशीच्या त्या म्हाताऱ्या जोडप्याने तिला सांभाळलं. ती दोघं गेल्यावर मुलांनी तिला मागची खोली राहू दिली. मी माझ्या लग्नाच्या आमंत्रणाचं तिला पत्र टाकलं, ती आली नाही. मग मी संसारात पडले, आणि आज जाऊ उद्या जाऊ करता करता चाळीस वर्षं गेली. काका गेले, वडील गेले. अखेर तिच्या शेजारणीचा फोन आला, की बाई आजारी आहेत आणि तुमचं नाव काढतात. मी गेले तेव्हा ती खाटेवर उशीला टेकून बसली होती, हाडं आणि डोळे एवढंच उरलेलं. मला ओळखलंन. खाली बस म्हणाली, शेजारणीला सांगून आंबोशीचं लोणचं आणि मऊ भात दिलान. मी तब्येत विचारली, तर हसली. "डॉक्टर सांगत होता, आठ दिवसांत हिंडाफिरायला लागाल. दोन महिने झाले. डॉक्टरान इंदू केलान." तिने तो शब्द इतका सहज वापरला, जसा माझा नातू वापरतो. तो केळशीपर्यंत गेला होता आणि तिथे तो कोणाचा हे कोणालाच माहीत नव्हतं. इतकी वर्षं आजूबाजूला ऐकून ऐकून तिलाही तो तोंडात बसला होता.

मी घास तसाच धरून बसले होते. माझ्याकडे बघून ती म्हणाली, "तू कशाला तोंड पाडतेस? तेव्हा त्या शब्दाचा खरा अर्थ सगळ्या घराला ठाव होता. पण तुझ्याविषयी मी कधी मनात आणलं नाही हो. विहिरीवर तू मला सांगितलंस ना अर्थ, तो तुलाही भाऊनच खोटा सांगितलान असणार. तू केवढीशी. तुला कुठलं कळायला? सगळ्यात तू एकटी साधी होतीस." आता सांगावं असं मला वाटलं. कातळावरचे आंबे, फणस, विहीर, सगळंच. मी म्हटलं, "हो आत्या. काकांनीच सांगितलं होतं."

तिने समाधानाने मान हलवली. मग हात लांब करून माझं डोकं जवळ ओढलं, भांगाशी नाक टेकवलं, क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाली, "ही खरी."